भरताला पाणी सुटतंय? आधी कधी सुटतं ते बघा

मार्गशीर्षात चंपाषष्ठी आली की सोलापुरात घरोघरी वांगी भाजली जातात. ज्या घरांत कांदेनवमीपासून कांदा, लसूण, वांगं बंद असतं, तिथं जवळजवळ पाच महिन्यांनी पुन्हा भरीत होतं. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला जातो, आणि त्याच दुपारी ठरलेली तक्रार कानावर येते : "काय करावं ओ, भरताला पाणी सुटलालंय की!" सकाळी कालवलं तेव्हा छान घट्ट होतं, पानात वाढेपर्यंत कडेनं तांबूस पाणी. त्यात कडक भाकरीचा तुकडा बुडवला की तो भरीत उचलतच नाही, स्वतःच मऊ पडतो. कडक भाकरीचा कुरकुरीतपणा गेला तर मग ती करायचीच कशाला!

यावर आपल्याकडचा हुकमी उपाय म्हणजे मूठभर शेंगदाण्याचं कूट. पुन्हा पाणी सुटलं की अजून एक मूठ. कूट पाणी ओढतं हे खरंच आहे, पण दोन मुठींनंतर भरताला वांग्याची चव राहत नाही, धुराचा वासही दबतो. शेंगाचटणीच खायची असेल तर ती आपल्याकडे वेगळी मिळते, आणि चांगली मिळते.

कुटाचा डबा उघडण्याआधी एवढंच आठवा की पाणी नेमकं कधी दिसलं. सोलताना आणि ठेचताना? कालवून अर्धा-पाऊण तास झाल्यावर? की दही घातल्यावर? तिन्ही वेळचं पाणी वेगवेगळ्या ठिकाणाहून येतं, त्यामुळं उपायही वेगळे. वांग्याला उगाच बोल लावला जातो, खरा चोर बहुतेक वेळा कांदा असतो. पण क्रमानं जाऊ.

सोलतानाच पाणी

वांग्यात १०० ग्रॅममागं साधारण ९२ ग्रॅम पाणीच असतं. म्हणजे अर्धा किलोच्या वांग्यात ४६० ग्रॅमच्या आसपास. भाजताना यातलं जेवढं वाफ होऊन जाईल तेवढं बरं, उरलेलं तुमच्या ताटात येणार. आपण चुकतो ते असं : गॅस मोठा ठेवतो, सात-आठ मिनिटांत साल कोळशासारखी होते, आपण म्हणतो झालं. आतला गर शिजलेला असतो, कधी मधे पांढरा आणि रबरासारखाही राहिलेला असतो, पण पाणी सगळं जागच्या जागी.

आच मध्यम ठेवा. ज्योत निळी हवी, पिवळी असेल तर आधी बर्नर साफ करा, नाहीतर सालीवर काजळी बसते आणि सोलताना ती गरात उतरते. बर्नरवर पापड भाजायची जाळी ठेवा, वांग्याला सुरीच्या टोकानं चार-पाच ठिकाणी टोचा, तेलाचा हात फिरवायचा असेल तर अगदी पुसटसा. टोचायला विसरू नका, आत वाफ कोंडली तर वांगं फुटतं आणि गरम गर अंगावर उडतो. तीनशे ग्रॅमच्या वांग्याला पंधरा ते वीस मिनिटं लागतात. दर दोन-तीन मिनिटांनी थोडं थोडं फिरवायचं.

झालं कसं ओळखायचं, ते नीट बघण्यासारखं आहे. आधी साल ताणून चकाकते, मग काळी पडून तिला बारीक भेगा जातात. त्या भेगांतून रस बाहेर येतो, सालीवर चरचरतो, आणि सुरुवातीला पाण्यासारखा असलेला हा रस हळूहळू काकवीसारखा चिकट, तपकिरी होतो. तोवर वांगं स्वतःच्या वजनानं बसलेलं असतं, चिमट्यानं उचललं की मधे वाकतं. रस अजून पातळ आणि भरपूर टपकतोय तर वांगं काढायची घाई करू नका. शेवटची परीक्षा देठाजवळ. मधलं अंग कधीच मऊ झालेलं असतं, देठाचा भाग सर्वांत उशिरा शिजतो. सुरी तिथं लोण्यात जावी तशी गेली पाहिजे. तिथं अडली तर वांगं देठाकडून उभं करून आणखी दोन-तीन मिनिटं द्या.

अर्धा किलोच्या वरचं एकच मोठं वांगं घेण्यापेक्षा दोन मध्यम घेतलेली बरी. मोठं वांगं दिसायला रुबाबदार असतं, पण गॅसवर त्याची साल जळून राख होते तरी गाभा कच्चा असतो. आणलंच असेल तर साल काळी झाल्यावर गॅस बारीक करून तव्यावर ठेवा आणि वाफ बाहेर पडायला फट राहील असं झाकण टाका.

आता झाकणाचं. भाजलेलं वांगं पातेल्यात घालून वर घट्ट झाकण ठेवायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. साल पटकन निघते हे मान्य, पण झाकणाला लागलेली वाफ पाणी होऊन परत वांग्यावरच पडते. मग भाजण्यात घालवलेली वीस मिनिटं फुकट. झाकायचंच असेल तर वांगं चाळणीत ठेवा, चाळणी पातेल्यावर, आणि त्यावर ताटली, तीही पाचच मिनिटं.

सोलून झालं की देठाला धरून गर त्याच चाळणीत पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. पिळू नका, दाबूही नका. दाबलं की चोथा होतो. खाली जमलेला रस टाकून देण्याआधी बोटावर घेऊन चाखा. कडवट लागला तर टाका. गोडसर आणि धुरकट लागला तर छोट्या पळीत आटवून चमचाभर करा आणि भरतात परत घाला, किंवा संध्याकाळच्या आमटीत जाऊ द्या. आमटीत तो इतका छान लागतो की काही जण भरतापेक्षा आमटीचंच कौतुक करतील.

आणि नळाखाली धरून साल काढणं आजपासून बंद. त्यात दोन नुकसानं : बाहेरून पाणी घातलं जातं, आणि ज्या वासासाठी एवढा खटाटोप केला तो मोरीत वाहून जातो. वाटीत पाणी घ्या, बोटं ओली करत साल काढा. काळे कण थोडे राहिले तर राहू द्या.

कालवल्यावर अर्ध्या तासानं पाणी

ही तक्रार सर्वांत जास्त आणि ती वांग्याची नाहीच. कच्चा कांदा बारीक चिरला की त्याच्या पेशी कापल्या जातात, वरून मीठ पडलं की मीठ त्यातलं पाणी बाहेर ओढून घेतं. कोशिंबिरीला पाणी सुटतं त्याच कारणानं. कांदा जितका बारीक, तितकं पाणी जास्त आणि लवकर. नैवेद्याच्या दिवशी हे हमखास होतं, कारण भरीत सकाळी लवकर कालवून ठेवलं जातं, आरती-नैवेद्य होऊन पानं घ्यायला दुपार होते. तोवर मिठाला हवा तेवढा वेळ मिळालेला असतो.

उपाय क्रमात आहे. मीठ गरालाच लावा, कांद्याला नाही. भाजलेल्या गराच्या पेशी आधीच मोडलेल्या असतात, मीठ लावल्यानं त्यातून फार काही नवीन निघत नाही. मीठ, ठेचलेली मिरची-लसूण, जिऱ्याची पूड, कूट हे सगळं गरात आधी मिसळून ठेवा, दोन-तीन तास राहिलं तरी काही बिघडत नाही, उलट मुरतं. कांदा आणि कोथिंबीर मात्र पानं वाढायला घेतल्यावरच. सकाळीच सगळं तयार हवं असेल तर कांदा जरा जाडसर चिरून त्याला आधी फोडणीचं गार झालेलं तेल चोळून ठेवा. तेल लागलेल्या कांद्याला पाणी सुटतं, पण उशिरा.

कोथिंबीर धुऊन तशीच चिरली तर तिच्याबरोबर पाणी येतंच. फडक्यात गुंडाळून टिपून घ्या. ही बारीकशी गोष्ट आहे, पण जुडीभर कोथिंबीर घालणाऱ्यांच्या भरतात फरक पडतो.

टोमॅटोबद्दल माझं मत सरळ आहे : आपल्या भरतात तो नको. उत्तरेकडच्या चोख्यात टोमॅटो असतो, पण तिथं तोही भाजून घेतलेला असतो. घरच्यांना हवाच असेल तर वांग्याबरोबर जाळीवर भाजा, साल काढा, आतल्या बिया आणि पातळ भाग काढून फक्त दळ घ्या. कच्चा टोमॅटो चिरून घातला तर मग पाणी सुटलं म्हणून कुणाला विचारायला जाऊ नका.

नैवेद्याचं भरीत चाखता येत नाही, म्हणून मिठाचा अंदाज मापानंच धरावा लागतो. अर्धा किलो वांग्यांचा भाजून, सोलून, निथळून साधारण अडीचशे-तीनशे ग्रॅम गर निघतो. त्याला चहाचा पाऊण चमचा मीठ पुरतं. एक मध्यम कांदा, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, दोन-तीन हिरव्या मिरच्या, आणि कूट दोन मोठे चमचे. हे कूट चवीसाठी आहे, पाणी झाकायला नाही. मिरच्या आणि लसूण तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून खलबत्त्यात मिठाबरोबर ठेचले की वेगळीच लज्जत येते. काही जण लसणाच्या पाकळ्या वांग्याला चीर देऊन आतच खोचतात. चांगली युक्ती आहे, फक्त चीर खोल देऊ नका, नाहीतर रस तिथून बर्नरवर टपकतो.

दही घातल्यावर पाणी

दह्यातलं पाणी वेगळं काढलं नाही तर ते भरतात सुटणारच. ढवळलं की सुटतं, मीठ पडलं की सुटतं. दही तासभर फडक्यात बांधून टांगा. चक्क्याइतकं घट्ट करायची गरज नाही, निम्मं पाणी गेलं तरी पुरे. गर पूर्ण गार झाल्यावर दही घाला आणि फोडणीही कोमट झाल्यावर. कढत फोडणी दह्यावर ओतली की चर्रर्र आवाज छान येतो, पण दही फुटतं आणि मग भरतात पांढरे कण आणि वेगळं पाणी दिसतं. आंबट झालेलं दही तर घालूच नका, ते जास्त लवकर फुटतं.

सध्या बरेच जण घरी बाबा गनूश करून बघतात. लेबनॉन-सीरियाकडचा तो पदार्थ आपल्या भरताचा नातेवाईकच म्हणायचा : भाजलेलं वांगं, तिळाची ताहिनी, लिंबू, लसूण, वरून ऑलिव्ह तेल. तिथंही गर चाळणीत निथळून घेण्यावर भर असतो. त्यात गंमत ताहिनीची आहे. तिच्यात लिंबाचा रस पडला की ती पातळ व्हायच्या ऐवजी आधी घट्ट होऊन गोळा बनते. घाबरून त्यात पाणी ओतू नका, ढवळत राहा आणि वांग्याचा गर थोडा थोडा मिसळा, आपोआप सैल होते. ताहिनी नसेल तर पांढरे तीळ मंद भाजून, थोडं तेल घालून मिक्सरमधून अगदी गुळगुळीत वाटा. कडक भाकरीबरोबर हेही फार चांगलं लागतं.

डब्यात नेणाऱ्यांसाठी : गरम भरीत डब्यात भरून लगेच झाकण लावलं की झाकणाला पाणी धरतं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते खाली उतरतं. गार करून भरा, कांदा वेगळ्या डबीत न्या.

सुटलंच आहे, पाहुणे आलेत, आता काय?

कांदा अजून घातला नसेल तर सोपं आहे. पसरट तव्यावर किंवा कढईत चमचाभर तेलात गर मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परता. पळीनं ओढल्यावर मागं मोकळी वाट राहिली, कडेनं तेल दिसू लागलं की थांबा. गार झाल्यावर पुढचं सगळं. परतलेल्या भरताची चव बदलते, जरा गोडसर होते, पण वाईट नसते, अनेक घरांत मुद्दाम तसंच करतात.

कांदा पडलेला असेल तर परतू नका, कांदा अर्धाकच्चा होऊन सगळ्याचा विचका होतो. भरीत चाळणीत ओता, दहा मिनिटं ठेवा. खाली आलेलं पाणी आटवून चमचाभर करा आणि परत मिसळा, कारण मीठ-मिरची त्यातच गेलेली असते. मगच, गरज वाटली तर, कुटाची अर्धी मूठ. दह्याचं भरीत फुटलं असेल तर ते परत जुळत नाही. थोडं ताजं घट्ट दही घालून भाकरीऐवजी भातावर वाढा आणि काही बोलू नका.

बाकीच्या तक्रारी

कडवटपणाचं मूळ मंडईतच आहे. साल चकचकीत, देठ हिरवा, अंगठ्यानं दाबलं तर दबून परत वर येणारं वांगं कोवळं. साल निस्तेज किंवा पिवळट झाली की वांगं जून, आत बिया कडक आणि कडवट. आकाराच्या मानानं हाताला हलकं लागेल ते घ्यावं असं जुन्या बायका सांगतात, आणि बियांच्या बाबतीत हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो. भरतासाठी जळगावकडची हिरवी, पांढरट रेघांची वांगी नावाजलेली आहेत, त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. ती मिळाली तर प्रश्नच नाही. नाहीतर लक्ष्मी मंडईत मिळणारी जांभळी मोठी वांगी चालतात. भरल्या वांग्यांची छोटी काटेरी वांगी भरताला घेऊ नका, साल काढता काढता हातात काही उरत नाही.

फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवलेलं वांगंही कडू होतं. वांग्याला दहा अंशांखालची थंडी सोसत नाही, बाहेरून बरं दिसतं पण आत बिया तपकिरी पडतात आणि गराला डाग येतात. सोलापूरच्या थंडीत दोन-तीन दिवस ओट्यावर टोपलीत आरामात राहतं. एप्रिल-मेमध्ये मात्र आणलं त्याच दिवशी भाजा.

मिक्सर हेही कडवटपणाचं एक कारण. बिया वाटल्या जातात, गर चिकट होतो. हातानं कुस्करा, नाहीतर पावभाजीच्या मॅशरनं दाबा.

भोक असलेलं वांगं म्हणजे आत अळी आहे किंवा येऊन गेली आहे. भाजल्यावर कळून उपयोग नाही. देठाच्या कडेला नीट बघा, बारीक भोकाच्या तोंडाशी भुशासारखी घाण दिसते. शंका आली तर एक उभी चीर देऊन आत डोकावा.

धुराचा वास येत नाही, ही तक्रार इंडक्शन आणि ओव्हनवाल्यांची. वास येतो तो साल जळून. साल जळलीच नाही तर वास कुठून येणार? ओव्हनमध्ये २२० अंशांवर पाऊण तास ठेवलं तर गर उत्तम आणि कमी पाण्याचा होतो, फक्त धूर नसतो. त्यासाठी धुंगार : लाकडी कोळशाचा तुकडा लाल करा, गरावर छोटी वाटी ठेवून त्यात कोळसा, वर चार थेंब तूप, आणि लगेच झाकण. तीन-चार मिनिटं पुरे, जास्त ठेवलं तर भरताला औषधासारखा वास येतो. दगडी कोळसा अजिबात नको. हे करताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा.

अर्थात खरा वास हवा असेल तर पौष-माघात कुणाच्या तरी शेतावर हुरड्याला जाताना पिशवीत दोन वांगी टाका. आगटीत कणसं भाजून झाल्यावर खाली जो फुफाटा उरतो त्यात वांगी पुरायची आणि गप्पा मारत बसायचं. तिथं ज्योत नसते, सगळीकडून सारखी ऊब असते, त्यामुळं साल जळायच्या आधी गाभा शिजतो आणि पाणी सावकाश निघून जातं. तिथल्या भरताला पाणी सुटल्याची तक्रार ऐकू येत नाही. गोवऱ्यांच्या राखेचा वास ज्यांना नको असेल त्यांनी तुराट्यांचा जाळ करावा.

रंग काळपट पडतो तो हवेमुळं आणि लोखंडामुळं. सोललेला गर उघडा ठेवू नका, थोडं लिंबू पिळा, आणि लोखंडी कढईत कालवून ठेवू नका. काळपट भरीत खायला काही वाईट नसतं, फोटोला वाईट दिसतं इतकंच.

खाल्ल्यावर जीभ किंवा घसा खाजत असेल तर मात्र कृतीत बदल करून उपयोग नाही. काहींना वांगं सोसत नाही. ओठ किंवा तोंड सुजलं, श्वासाला त्रास झाला तर डॉक्टरांकडं जावं, आणि पुढच्या वेळी त्या माणसासाठी दुसरी भाजी करावी.

राहिला बर्नर. टपकलेला रस गार होऊन छिद्रांत घट्ट बसतो आणि दुसऱ्या दिवशी चहाला ज्योत एका बाजूनं पिवळी येते. बर्नर गार झाला की त्याची टोपी काढून गरम पाण्यात थोडा खायचा सोडा घालून भिजवा, टाचणीनं छिद्रं मोकळी करा आणि पूर्ण वाळवूनच परत बसवा. पुढच्या वेळी जाळीखाली बर्नरच्या भोवती, भोकं झाकली जाणार नाहीत अशी, अ‍ॅल्युमिनियम फॉइलची कडी ठेवलीत तर ओटा तरी वाचेल.